काढण्याआधी विचारलंस का?

पाना खाली ठेव. हात पूस आणि इकडे ये. चहा सांगू नकोस, मी आज चहाला आलेलो नाही. आणि पोरांना बाहेर पाठवू नकोस. त्यांनी ऐकायलाच हवं. आज ती तुझ्या हाताखाली नट आवळतायत. पाच-सात वर्षांत स्वतःची गॅरेजं टाकतील, आणि तुझ्याकडे पाहिलं तेच खरं मानून तसंच करत राहतील.

हे पोतं बघ. परवा संध्याकाळी कामशेतच्या बाजारातून निघालो होतो. भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंडाचे दोन पट्टे पडलेले दिसले. आकार ओळखीचा वाटला म्हणून थांबलो. हातात घेतले, आतलं कापडी अस्तर बघितलं आणि पोटात गोळा आला. कुठून आले म्हणून विचारलं, तर त्याने तुझं नाव सांगितलं. किलोच्या भावाने पैसे मोजले आणि सगळं घरी आणलं. मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे ब्रेकचे दोन पट्टे, ते धरून ठेवणारे दोन घडीव कंस, रेडिएटरच्या झाकणावरचा तापमापक, हाताने फिरवायचा वायपर. एवढं वाचलं. स्टेपनीची रिंग वाचली नाही. ती त्याने गॅसने कापून आदल्याच दिवशी ट्रकमध्ये भरली होती.

खंडाळ्याच्या बंगल्यातून ही फोर्ड तुझ्याकडे आली तेव्हा तूच मला बोलावून दाखवली होतीस. 1917 सालची मॉडेल टी, आणि एवढ्या वर्षांत एकाच घरात राहिलेली. तेव्हा हे सगळं तिच्या अंगावर होतं. मी म्हटलं होतं, सावकाश कर, घाई नाही. तू एका दुपारी सगळं उतरवलंस.

काल फोनवर तुला कारण विचारलं, तर काय म्हणालास? “सर, ते ओरिजिनल नव्हतं. कंपनीचं नव्हतं.” हा एक शब्द तू कुठून तरी उचललास आणि त्याला पान्यासारखा वापरायला लागलास. बसेल तिथे लावायचा आणि फिरवायचा. आज त्या शब्दाचा हिशेब करू.

ओरिजिनल म्हणजे काय, सांग. कारखान्यातून निघाली तशी? कुठल्या दिवशी निघाली तशी? फोर्डने 1908 ते 1927 या काळात दीड कोटी मॉडेल टी बनवल्या आणि त्या सगळ्या एकसारख्या नाहीत. पहिल्या अडीच हजारांच्या आसपास गाड्यांना पाण्याचा पंप होता. नंतर कंपनीने तो काढून टाकला. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड खाली उतरतं, तेवढ्यावर इंजिन थंड राहील असं ठरवलं. सपाट मुलुखात राहिलंही. डोंगराळ मुलुखातल्या मालकांनी पुढे स्वतःच्या पैशाने बाजारातले पंप आणून पुन्हा बसवले. आता सांग, पंप ओरिजिनल की बिनपंपाची गाडी ओरिजिनल? रंगाचंही तेच. ही गाडी काळीच यायची असं तू गिऱ्हाइकांना सांगतोस. काळा एकच रंग होता तो 1914 ते 1925 एवढ्याच काळात. त्याआधी करडी, लाल, हिरवी, निळी यायची. वर्गात हे सांगितलेलं आहे. वहीत लिहून घेतलेलंही असेल.

फोर्डने गाडी स्वस्त ठेवली ती कशी? लागेल तेवढंच दिलं. बाकीचं ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे बसवायचं होतं. त्यातून दुसरा एक अख्खा धंदा उभा राहिला. सीअर्स रोबकच्या कॅटलॉगमध्ये फोर्डसाठीच्या वस्तूंची पानंच्या पानं असायची. ब्रेक, जादा गिअर, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा, दिवे, भोंगे, बंपर. मालकाने ते विकत घेतलं, बसवलं, वापरलं, झिजवलं. गाडीचं खरं आयुष्य त्यातून कळतं. कारखान्यातून ती बाहेर पडली तो तिचा जन्माचा दिवस. माणसाचं चरित्र जन्माच्या दाखल्यावर संपवतोस का तू?

आता घाटाकडे ये. तू या घाटाच्या माथ्यावर वाढलास, म्हणूनच तुझा जास्त राग येतो.

आपला बोरघाट. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जवळपास पाचशे मीटरची चढण. गाड्यांचा रस्ता इथे 1830 मध्ये खुला झाला, रेल्वे 1863 मध्ये. रेल्वेला इथे काय करावं लागलं ते तुला ठाऊक आहे. सदतीस फुटांत एक फूट चढ. सरळ चढता येईना म्हणून मधे एक ठिकाण केलं, तिथे गाडी थांबायची आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. ते 1929 पर्यंत चाललं. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत येतात. उतरताना ब्रेक तपासायला गाड्या घाटात थांबतात. त्या जादा इंजिनांना उद्या कोणी म्हणालं, की ही मूळ गाडीची नाहीत, सोडून द्या, तर चालेल? घाट आहे म्हणून ती लागतात. घाटात चालायचं, तर घाट मागेल ते द्यावं लागतं. गाडी रुळावरची असो की रस्त्यावरची.

आता त्या फोर्डकडे याच नजरेने बघ. इंजिन 2.9 लिटरचं, ताकद 20 अश्वशक्ती. पुढे जायचे गिअर दोनच. खालचा गिअर हवा असेल तर डाव्या पायाचं पेडल दाबून धरायचं. पाय काढला की वरचा गिअर. म्हणजे खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पेडल दाबूनच ठेवायचं. पायाला गोळे येणार आणि आतला पट्टा घासून घासून तापणार. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बुरेटरकडे उतरणार. टाकी अर्धीमुर्धी असली आणि चढ उभा असला, की पेट्रोल पुढे पोचायचंच नाही. मग ड्रायव्हर गाडी वळवायचे आणि मागे चढवायचे. रिव्हर्स गिअर खालच्या गिअरपेक्षाही जास्त ताकदीचा. खालच्याचं प्रमाण 2.75 ला 1, रिव्हर्सचं 4 ला 1. रेल्वे उलटी होऊन चढत होती त्याच काळात, त्याच घाटाने अशा मोटारीही उलट्या चढवायला लावल्या.

हा त्रास काढलेल्या कुणीतरी या गाडीला जादा गिअरबॉक्स बसवली. मूळच्या गिअरच्या मागे, दांड्याच्या वाटेवर. तिच्यामुळे डावा पाय मोकळा ठेवून गाडी हळू आणि जोरात चढायला लागली. ती हौस नव्हती, गरज होती.

झाकणावरचा हा तापमापक. हातात घे, असा बाजूला ठेवू नकोस. बॉइस मोटोमीटर. अमेरिकेत 1912 च्या सुमाराला निघाला आणि जगभर गेला. याचा दांडा पाण्यात बुडत नाही. पाण्यावरच्या हवेची आणि वाफेची उष्णता तो दाखवतो, आणि आतला लाल रंग ड्रायव्हरला सीटवरून दिसतो. घाटात गाडी तापतेय की नाही, हे रेडिएटर फुसफुसायला लागण्याआधी कळायला दुसरा मार्ग नव्हता. आपलं लोणावळं समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. इथे पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. चढ संपवून गाडी वर येते ती आधीच तापलेली, आणि वर आल्यावर पाणी लवकर उकळतं. ज्याने हे झाकण बदललं त्याला ही गोष्ट कळली होती. शाळेत शिकून नाही. घाटात उभं राहून, रिकामा डबा घेऊन झरा शोधत फिरून कळली.

हा वायपर. काचेच्या वरच्या चौकटीला भोक पाडून बसवलेला, आतून मूठ हाताने फिरवायची. ते भोक तू पुट्टी भरून बुजवलंस. इथे पाऊस किती पडतो ते मी तुला सांगू? जून ते सप्टेंबर वळवणच्या धरणापलीकडचं काही दिसत नाही. हात स्टेअरिंगवरून काढून काच पुसत घाट उतरलेल्या माणसाची खूण होती ती. तू तिच्यावर रंग मारलास.

आणि आता ब्रेक. यावर मी तुला सोडणार नाही. हा चुकीचा शब्द वापरण्याचा प्रश्न नाही, हा जिवाचा प्रश्न आहे.

या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरमधल्या ड्रमला आवळतो. तिथून ताकद दांड्यातून मागच्या चाकांपर्यंत जाते आणि चाकं थांबतात. हाताच्या लिव्हरने मागच्या चाकांतले छोटे शू दाबले जातात, पण ते उभी गाडी सरकू नये इतपतच. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. आता त्या दांड्याच्या वाटेवर जादा गिअरबॉक्स आली. दोन गिअरांच्या मधे ती अडकली, न्यूट्रलमध्ये राहिली, तर काय होतं? सांग. गप्प का? पायाचा ब्रेक आणि चाकं यांचा संबंध तुटतो. पेडल दाबलंस तरी फक्त आतला ड्रम थांबतो. गाडी थांबत नाही.

म्हणून ज्याने जादा गिअर बसवला, त्यानेच मागच्या चाकांना हे बाहेरचे पट्टे बसवले आणि पायाच्या पेडललाच जोडले. अशा ब्रेकला अमेरिकेत नावच रॉकी पर्वताचं पडलं. तिथल्या डोंगरात उतरणाऱ्यांना ते लागले तसे इथे उतरणाऱ्यांना लागले. गिअर आणि ब्रेक, दोन्ही मिळून एकच काम होतं. एक ठेवून दुसरा काढता येत नाही.

आणि तू काय केलंस? गिअर ठेवलास, कारण त्याने ताकद मिळते आणि तो खाली दडलेला असतो. ब्रेक काढलेस, कारण ते चाकावर दिसतात आणि रॅलीतल्या परीक्षकांना खटकतील असं तुला वाटलं. म्हणजे तुझं ओरिजिनल हे बघणाऱ्याच्या डोळ्यापुरतंच होतं. मालकाला तू सांगितलंस, की येत्या महिन्यात गाडी चालवत मुंबईला रॅलीला नेऊ. या गाडीत बसून तू खंडाळ्याहून खोपोलीला उतरणार होतास. मालकाचा नातू शेजारी बसणार होता. उतारावर गिअर बदलताना ती पेटी एकदा मधे अडकली असती, तर तू काय धरणार होतास?

मान वर कर. माझ्याकडे बघून ऐक.

तुझा हात चांगला आहे, हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. व्हाइसवर कानस चालवताना तुझ्याएवढी सरळ धार मी वर्गात फार थोड्यांची पाहिली. म्हणून हे तुझ्या तोंडावर सांगायला आलो. कच्च्या हाताचा माणूस गाडीचं नुकसान करतो ते लगेच दिसतं. चांगल्या हाताचा माणूस नुकसान करतो ते चकाचक दिसतं, आणि पन्नास वर्षं कुणाला कळत नाही.

हे कंस बघ. पट्टे परदेशातून आलेले असतील, पण हे कंस आलेले नाहीत. हे इथे, ऐरणीवर घडलेले आहेत. हातोडीचे ठोके अजून दिसतायत. एका कडेला कानशीच्या रेषा तिरक्या आहेत, दुसऱ्या कडेला सरळ. म्हणजे माणूस मधे थांबला, बाजू बदलली आणि पुन्हा बसला. आणि हा बोल्ट. पिच गेज आण. लाव. अर्ध्या इंचाचा बोल्ट, इंचाला बारा आटे. व्हिटवर्थ. अमेरिकन जाड आट्याचा असता तर तेरा निघाले असते, आणि आट्याचा कोनही पंचावन्न अंशांऐवजी साठ असता. इंग्रजी बाजाराचा बोल्ट अमेरिकन घडणीच्या गाडीला लावलाय. याचा अर्थ काय? हे काम हिंदुस्थानात झालं. इथल्या कुणा लोहाराने, इथल्या कुणा ड्रायव्हरच्या सांगण्यावरून केलं. त्या लोहाराचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. त्याने केलेल्या कामाचा हा एवढाच पुरावा होता, आणि तू तो काट्यावर टाकलास.

आणि आता दुसरी बाजू, कारण तुझी चूक एकाच दिशेची नाही. बॉडीच्या लाकडात चौकोनी खाचेचे स्क्रू होते. तू ते काढून सरळ खाचेचे पितळी बसवलेस. का? “सर, चौकोनी खाच मी कुठे पाहिली नव्हती, वाटलं नंतर कुणीतरी घुसडले.” तू पाहिली नव्हतीस, म्हणून ती खोटी झाली? हिंदुस्थानात येणाऱ्या फोर्ड अमेरिकेतून येत नव्हत्या. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बाकीच्या देशांचा हक्क कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होता. उजव्या बाजूचं स्टेअरिंग घेऊन गाड्या तिथून यायच्या. मुंबईत फोर्डची स्वतःची कंपनी 1926 मध्ये निघाली, तीही कॅनडाच्या कंपनीचीच शाखा. आणि कॅनडातल्या मिल्टन गावच्या पी. एल. रॉबर्टसनने 1908 च्या सुमाराला चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. त्याच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत ही मॉडेल टीच होती. म्हणजे जे खरोखर कारखान्यातून आलं होतं ते तू खोटं म्हणून काढलंस. जे घाटाने बसवायला लावलं ते परकं म्हणून काढलंस. आणि वर रेडिएटरच्या कवचावर क्रोम चढवून आणलंस! 1917 ची गाडी. तिचं कवच काळ्या रंगाचं असतं. मोटारींवर क्रोम आलं ते 1920 च्या दशकाच्या शेवटी शेवटी. ओरिजिनलचं नाव घेऊन तू त्या गाडीवर तिच्या आयुष्यात कधीच नसलेली एक गोष्ट चढवलीस.

आता नियमाचं सांगशील. सांग. नाही, मीच सांगतो. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, मोठी फेररचना न झालेली. नंबरात व्ही आणि ए ही अक्षरं येतात. नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. हे तुला पाठ आहे, कारण गिऱ्हाइकाला तेच सांगून तू काम घेतोस. पण फेररचना म्हणजे काय, ते त्याच नियमात आहे. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतला बदल. चाकावरच्या पट्ट्याला त्यात हात लागत नाही. शंका होती, तर आरटीओत जाऊन विचारायचं, कागदावर उत्तर घ्यायचं. भंगारवाल्याकडे जायचं नाही. जुन्या वाहनांची फिवा म्हणून जी जागतिक संघटना आहे, तिने 2012-13 मध्ये ट्युरिन सनद म्हणून तत्त्वं ठरवली. तिचा सगळा भर जतनावर आहे. गाडीचा इतिहास सांगणाऱ्या खुणा सांभाळा, जेवढं लागेल तेवढंच करा, आणि जे कराल त्याची नोंद ठेवा. जगभरचे शहाणे लोक हे सांगतात, आणि माझ्या वर्गात बसलेला माणूस नोंदीची एक ओळ न लिहिता पट्टे काढतो.

अमृतांजन पूल आठव. याच घाटातला, 1830 चा पूल. वाहतूक अडते म्हणून एप्रिल 2020 मध्ये पाडला. तुलाही वाईट वाटलं होतं, मला आठवतं. पण तो पाडताना निदान कारण सांगितलं गेलं, त्यावर चार माणसं बोलली, फोटो निघाले, वर्तमानपत्रांत छापून आलं. तुझ्या या गॅरेजमध्ये काही निघालं तर तेवढंही होत नाही. कोण विचारणार? मालकाला कळत नाही, पोरं बोलत नाहीत. म्हणून तर तू स्वतःला विचारायला हवं होतंस.

ऐका रे पोरांनो, तुम्हीही ऐका. जुन्या गाडीवर कंपनीची नसलेली वस्तू दिसली की तीन गोष्टी विचारायच्या. कधी बसवली, कशासाठी बसवली, कुणी बसवली. उत्तरं गाडीवरच असतात. कंस काढण्याआधी त्याच्या कडेचा रंग बघा. कंसाखाली पहिला काळा रंग शाबूत असेल आणि नंतरचे थर कंसावरून गेलेले असतील, तर तो गाडीच्या तरुणपणी बसला. भोकाची कड बघा. आतून गंजून काळी पडलीय की कालच्या ड्रिलसारखी चकाकते? पिन बघा. वापरलेली पिन एका बाजूला झिजते, शोभेची पिन झिजत नाही. ग्रीसचे थर बघा, आटे मोजा. मग फोटो काढा, वहीत माप लिहा, आणि मग ठरवा.

आणि उलटही ऐकून ठेवा, नाहीतर उद्या दुसरं टोक गाठाल. जुनं दिसतं ते सगळं पवित्र नसतं. मुंबईच्या चोरबाजारातून जुना मोटोमीटर आणायचा, गाडीच्या डोक्यावर बसवायचा आणि हा हिचाच म्हणून सांगायचं, तर ती लबाडी आहे. त्या काळची वस्तू असणं आणि त्या काळी या गाडीवर असणं, यात फरक आहे. आजच्या रस्त्यासाठी काही बसवावं लागलं, मागचा दिवा, इशारा दिवा, तर बसवा. पण असं बसवा, की उद्या भोक न पाडता काढता येईल, आणि त्यावर तारीख लिहा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती तेव्हा आपल्याकडे मोटारी आणि बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालल्या. मागे लोखंडी भट्टी बांधायची, कोळसा पेटवायचा. म्हातारी माणसं अजून कोळशाच्या गाड्यांच्या गोष्टी सांगतात. ती भट्टी बघायला जायचं म्हटलं तर कुठे जाल? युद्ध संपलं, पेट्रोल आलं, आणि तुझ्यासारख्याच कुणीतरी प्रत्येक भट्टी काढून विकली. प्रत्येकाला वाटलं, आपण एकच विकतोय.

आता त्या रिंगचं. तुझ्या तोंडात दिवसातून वीसदा एक शब्द असतो. “स्टेपनी कुठाय? स्टेपनीत हवा भर.” हा शब्द कुठून आला, कधी विचारलंस? वेल्समध्ये लानेथ्ली म्हणून गाव आहे, तिथल्या स्टेपनी रस्त्यावरचा. 1904 मध्ये तिथे डेव्हिस नावाच्या माणसांनी ही युक्ती काढली. त्या काळी गाड्यांना जादा चाक नसायचं. टायर बसला की रस्त्यातच चाकावरून टायर काढायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा चढवायचा. यांनी काय केलं? आरे नसलेली नुसती रिंग, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने चिमटून घट्ट बसवायची आणि पुढे निघायचं. कंपनीने दिलेली वस्तू नव्हे. बाहेरून विकत घेऊन लावायची वस्तू. ती इथपर्यंत आली आणि इथल्या ड्रायव्हरांना, मेकॅनिकांना इतकी उपयोगी पडली, की पुढे गाडीबरोबरच पाचवं चाक मिळायला लागलं तरी नाव तेच राहिलं. मराठीत ते असं बसलं, की कुणाला परकं वाटत नाही. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी थांबवून नाणं टाकणारा प्रत्येक ट्रकवाला तो शब्द बोलतो.

भाषेने सांभाळलं ते तू कापायला दिलंस. शब्द तुझ्याकडे आहे. तो शब्द जिच्यावरून आला ती वस्तू, खरी, वापरलेली, या घाटात झिजलेली, तुझ्या दारात होती. पोरांना हातात देऊन दाखवता आली असती. आता ते होणार नाही. ते मी तुला माफ करू शकत नाही, कारण ते माझं नव्हतंच. मालकाचंही पूर्ण नव्हतं.

रडू नकोस. रडून काम होत नाही. बस, कागद घे आणि लिही.

पहिली गोष्ट. आजच मालकाला फोन कर आणि जे काढलंस ते सगळं एकेक करून सांग. स्टेपनीचंही. मी सांगितलं म्हणून नाही, तू केलंस म्हणून. तो काम काढून घेईल तर घेऊ दे.

दुसरी. गाडी या गॅरेजच्या बाहेर जाणार नाही. ब्रेक परत बसेपर्यंत ती घाट बघणार नाही. रॅली चुकली तर चुकली.

तिसरी. एक वही कर. पहिल्या पानावर गाडी आली त्या दिवशी तिच्यावर काय काय होतं ते लिही, आठवेल तेवढं. बंगल्यातून निघताना मालकाने काढलेले फोटो माग, त्यांच्याशी ताडून बघ. दुसऱ्या पानावर तू काय काढलंस, कुठल्या तारखेला, का. “ओरिजिनल नव्हतं” असं लिहू नकोस. “न विचारता काढलं” असं लिही आणि खाली सही कर. स्टेपनीच्या रिंगपुढे लिही, भंगारात गेली. ती वही गाडीबरोबर राहील. पुढच्या माणसाला कळू दे, की इथे एक रिंग होती.

चौथी. चौकोनी खाचेचे स्क्रू फेकले नसशील तर डब्यातून वेचून काढ. प्रत्येक स्क्रू साफ कर, तेल लाव आणि ज्या भोकातला त्याच भोकात. काचेच्या चौकटीतली पुट्टी काढ, पण कानशीने खरवडू नकोस, भोकाची जुनी कड टिकली पाहिजे. क्रोमचं नंतर बघू, ते निघतं.

पाचवी. पट्ट्यांचं अस्तर तू कापलंयस, ते नवीन लावावं लागेल. पुण्यात मिळेल. पिना झिजल्यात, त्या मी घरच्या लेथवर करून आणतो. कंसाला हात लावायचा नाही. ठोके, कानशीच्या रेषा, आटे, आहे तसं राहिलं पाहिजे. आणि हे पट्टे ओले झाले की घसरतात, ते लक्षात ठेव. म्हणून पावसाळ्यात ही गाडी घाटात न्यायची नाही, हेही वहीत लिही.

उद्या सकाळी सात वाजता येतो. डावं चाक उतरवून ठेव. हे पोतं इथेच राहू दे, पण जमिनीवर नको. त्या बाकावर फडकं अंथर आणि एकेक वस्तू काढून ओळीने मांड. पोरांना जवळ बोलाव. कंस हातात दे त्यांच्या, आणि विचार, हा कधी, कशासाठी, कुणी. तू सांगू नकोस. त्यांना शोधू दे.